मुदत संपल्यावर काय बदलते?

विमा-व्यवसायाशी ज्याचा संबंध वर्षाकाठी हप्ता भरण्यापुरताच येतो असा गृहस्थ, आणि ज्याचे पोटच त्या व्यवसायावर चालते असा एजंट, या दोघांच्या मनात परवान्याविषयी जे प्रश्न उद्भवतात ते परस्परविरुद्ध दिशांनी येतात. एजंट विचारतो, ‘पंधरा वर्षे मी पॉलिसी विकल्या, अनेक घरांतील मृत्यूनंतरचे दावे कंपनीच्या कचेरीत खेटे घालून वारसांच्या पदरात टाकले, मग मी विमा विकण्यास लायक आहे हे ठरावीक मुदतीने पुनःपुन्हा सिद्ध का करावे?’ गृहस्थ विचारतो, ‘आठ वर्षांपूर्वी ज्याने माझ्या हाती पॉलिसी दिली, तो आज त्या कामास लायक उरला आहे किंवा नाही, हे मला कोणी सांगावे?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परवान्याचे नूतनीकरण सोपे करण्याचे जे प्रयत्न आजवर झाले, त्यांनी पहिल्या प्रश्नाकडे अधिक आणि दुसऱ्याकडे कमी लक्ष दिले, असे माझे मत आहे. ते का, हे या प्रकरणात क्रमाक्रमाने पाहू.

१. एका अर्जात दडलेले चार प्रश्न

नूतनीकरणाचा अर्ज वरकरणी एकच दिसत असला, तरी त्यात वस्तुतः चार निरनिराळे प्रश्न एकत्र बांधलेले असतात. हा इसम अद्याप धंद्यात आहे काय आणि त्याचा पत्ता कोणता, हा पहिला. मधल्या काळात त्याच्या हातून अपहार किंवा फसवणूक घडून त्याला शिक्षा झाली आहे काय, हा दुसरा. कायदे व योजना बदलत असताना त्याचे ज्ञान ताजे राहिले आहे काय, हा तिसरा. आणि दफ्तर चालविण्यासाठी लागणारी फी त्याने भरली आहे काय, हा चौथा.

हे चारही प्रश्न एकाच वेगाने जुने होत नाहीत, हे ध्यानात आले म्हणजे अर्धे काम झाले. कोकणातल्या कौलारू घराचा मालक दर पावसाळ्यापूर्वी कौले शाकारून घेतो, वाशांना वाळवी लागली आहे काय हे चार-दोन वर्षांतून एकदा पाहतो, आणि जोत्याला मात्र भेग दिसल्याखेरीज हात लावीत नाही; कौले दर साली फुटतात म्हणून दर साली जोतेही उकरणाऱ्यास कोणी दक्ष गृहस्थ म्हणणार नाही. पत्ता केव्हाही बदलू शकतो, म्हणून तो केव्हाही कळविता आला पाहिजे. ज्ञान हळूहळू शिळे होते. त्याला ठरावीक मुदतीची उजळणी शोभते. सचोटीचा प्रश्न मात्र मुदतीने विचारण्याचा मुळीच नव्हे. ज्याने ग्राहकाचा हप्ता गिळंकृत केला, तो तीन वर्षांनी अर्जातल्या रकान्यात ‘होय, मी गिळला’ असे प्रांजळपणे लिहील, ही अपेक्षा भाबडी आहे. ती बातमी न्यायालयातून किंवा कंपनीकडून, ज्या दिवशी घडली त्याच सुमारास, परवाना देणाऱ्याकडे पोचली पाहिजे. फीविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

२. अडतीस सालचा कायदा आणि एजंटाची तीन वर्षे

आपल्याकडील एजंटाचा परवाना १९३८ च्या विमा कायद्याच्या ४२ व्या कलमातून आला. त्याच्या शेजारची दोन कलमे वाचल्याखेरीज त्याचे महत्त्व उमगत नाही. ज्याच्यापाशी परवाना नाही त्याला धंदा आणल्याबद्दल कमिशन देता येणार नाही, असा ४० व्या कलमाचा आशय होता. आणि एजंटाने आपल्या कमिशनातला वाटा ग्राहकाला परत देऊन त्याला पॉलिसी घेण्याचा मोह पाडू नये, असे ४१ वे कलम सांगते. (पहिल्या हप्त्यातून ‘आमचे काय?’ असे एजंटाला हसतहसत विचारणाऱ्या सुशिक्षित ग्राहकांची संख्या पाहता, हे कलम किती जणांनी वाचले असेल याविषयी शंका येते.) तात्पर्य, परवाना म्हणजे कमिशन मिळविण्याचा हक्क होता, तो संपला की नवा धंदा थांबला.

१९९९ साली विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला आणि २००० साली परवान्याचे नवे विनियम आले. नव्या उमेदवाराने १०० तासांचे प्रशिक्षण घ्यावे, मुंबईच्या भारतीय विमा संस्थेची परीक्षा द्यावी, आणि तीन वर्षांच्या मुदतीचा परवाना घ्यावा, अशी तजवीज होती. नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा २५ तासांचे प्रशिक्षण. आयुर्विमा आणि सर्वसाधारण विमा असे दोन्ही विकणाऱ्यास ५० तासांचे.

आता उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या एजंटाचा परवाना ३१ मार्च २०१० रोजी संपणार होता. कायद्याप्रमाणे त्याचा अर्ज मुदतीपूर्वी निदान ३० दिवस, म्हणजे १ मार्चपर्यंत, पोचला असता तर २५० रुपयांत काम झाले असते. अर्ज १ मार्चनंतर परंतु ३१ मार्चच्या आत पोचला, तर विलंबाचे आणखी १०० रुपये, म्हणजे एकूण ३५०. मुदत उलटल्यावर मात्र दार बंद. अर्जदाराची विनाकारण कुचंबणा होईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच, ७५० रुपये दंड घेऊन, अर्ज स्वीकारण्याची मुभा. रकमा किरकोळ होत्या, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल. कायद्याचा खरा काच दुसऱ्याच एका शब्दात होता: अर्ज ‘पाठविल्याची’ तारीख त्याला मान्य नव्हती, ‘पोचल्याची’ होती. तालुक्याच्या गावाहून टपालाने कागद पाठविणाऱ्या मनुष्यास या भेदाची किंमत कमिशन थांबून मोजावी लागे, आणि ज्या अवधीत तो परवान्यावाचून बसे त्या अवधीत त्याच्या सचोटीत किंवा ज्ञानात रतिमात्र फरक पडलेला नसे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. परवाना प्राधिकरणाच्या नावाने निघत असला, तरी प्राधिकरणाने तो देण्याची मुखत्यारी विमा कंपन्यांच्याच नेमलेल्या अधिकाऱ्यांना दिलेली होती. म्हणजे परवाना सरकारी, पण तो देणारा हात कंपनीचा. अशी व्यवस्था फार काळ जशीच्या तशी राहत नाही.

३. मुदतच काढून टाकली तेव्हा

आणि ती राहिली नाही. २६ डिसेंबर २०१४ रोजी प्रथम अध्यादेशाने, आणि पुढे २०१५ च्या दुरुस्ती कायद्याने, ४२ वे कलम मुळापासून बदलले. यापुढे प्राधिकरण एजंटास परवाना देणार नव्हते; विमा कंपनीच त्याची नेमणूक करणार होती. १ एप्रिल २०१६ पासून अमलात आलेल्या विनियमांनी ही पद्धत तपशिलाने घालून दिली. नेमणुकीला मुदत नाही, म्हणून नूतनीकरण नाही. एजंटाला एक आयुर्विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक आरोग्य विमा कंपनी अशांचे काम एकाच वेळी करता येते. एक कंपनी सोडून दुसरीकडे जावयाचे झाल्यास जुन्या कंपनीने १५ दिवसांत त्याला मुक्ततेचा दाखला द्यावयाचा.

नूतनीकरण सुलभ करण्याचा याहून टोकाचा उपाय कल्पिता येणार नाही, आणि एजंटवर्गाने त्याचे स्वागत केले यात नवल नाही. तथापि ज्या ओझ्याला आपण नाहीसे झाले असे समजतो, ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर गेलेले असते. येथे ते कोठे गेले याचे उत्तर त्याच कलमातील दंडाच्या आकड्यांत सापडते. अधिकार नसता एजंट म्हणून काम करणाऱ्या व्यक्तीस दंड १०,००० रुपयांपर्यंत. आणि अशा अपात्र व्यक्तीस नेमणाऱ्या किंवा तिच्यामार्फत धंदा करणाऱ्या कंपनीस दंड एक कोटी रुपयांपर्यंत. माणसाच्या लायकीची खातरजमा करण्याचे काम कायद्याने कंपनीच्या माथी मारले, आणि ते गांभीर्याने व्हावे म्हणून आकडा हजार पटीने वाढविला.

वर सांगितलेल्या चार प्रश्नांच्या दृष्टीने या बदलाची परीक्षा केली, तर निकाल संमिश्र लागतो. सचोटीच्या प्रश्नाचे उत्तर पूर्वीपेक्षा चांगले झाले. कारण एजंटांची एक मध्यवर्ती यादी आणि काळ्या यादीतील एजंटांची दुसरी यादी ठेवण्याची व्यवस्था विनियमांत आहे, आणि नेमणुकीपूर्वी कंपनीने त्या पाहावयाच्या आहेत. पत्त्याचा प्रश्नही सुटला. ज्ञानाचा प्रश्न मात्र अर्धवट राहिला. कंपनी आपल्या एजंटास आपल्या नव्या योजना शिकविते, त्या कशा विकाव्या हेही उत्साहाने शिकविते. परंतु दावा नाकारला गेल्यास ग्राहकाने लोकपालाकडे कसे जावे, हे शिकविण्यात कंपनीला विशेष रस असण्याचे कारण नाही. त्या २५ तासांच्या प्रशिक्षणाची अनेकांनी थट्टा केली, आणि ती बऱ्याच अंशी योग्यही होती. पण थट्टा करण्याजोगी गोष्ट सुधारावी की टाकून द्यावी, या प्रश्नावर आपण दुसरे उत्तर निवडले.

४. सर्व्हेअरची गोष्ट वेगळी का?

एजंटाची मुदत गेली, मग नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरची त्याच वेळी का गेली नाही? हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तर सर्व्हेअर नेमके काय करतो हे पाहिल्यावाचून देता येत नाही.

समजा, साडेतीन वर्षे वयाच्या, १५०० सीसीच्या आतील एका मोटारीला अपघात झाला. गॅरेजवाल्याने सुट्या भागांचे बिल दिले: प्लास्टिकचा बंपर १८,००० रुपये, बॉनेट आणि दार मिळून पत्र्याचे भाग ४०,०००, समोरची काच १२,०००, एकूण ७०,०००. (मजुरी आणि कर सोयीसाठी बाजूला ठेवू.) साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, म्हणून बंपरचे ९,००० उरले. पत्र्याच्या भागांवर तीन ते चार वर्षांच्या गाडीस २५ टक्के घसारा, म्हणून ३०,००० उरले. काचेवर घसारा नाही, १२,००० तसेच. बेरीज ५१,००० झाली, त्यातून ग्राहकाने स्वतः सोसावयाचे १,००० वजा जाता देय रक्कम ५०,०००.

एवढी त्रैराशिके कोणीही करील. सर्व्हेअरची खरी कसोटी या आकड्यांच्या अलीकडे आहे: दार खरोखर याच अपघातात चेपले की गेल्या दिवाळीत? बॉनेट बदलावयास हवे की ठोकून सरळ होईल? गॅरेजवाल्याला बदलण्यात गोडी असते, कंपनीला ठोकण्यात असते, आणि ग्राहकाला आपली गाडी पूर्वीसारखी हवी असते. या तिघांच्या मध्ये उभ्या असलेल्या मनुष्याला नेमते कंपनी आणि मेहनतानाही देते कंपनीच. तरी त्याने निःपक्षपाती असावे असा कायद्याचा आग्रह आहे. १९६८ च्या दुरुस्तीने विमा कायद्यात ६४ यूएम हे कलम घालून ठरावीक रकमेच्या वरच्या नुकसानीसाठी परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल आवश्यक केला, तो याचसाठी. २०१५ च्या विनियमांनी ही मर्यादा मोटारीसाठी ५०,००० आणि इतर नुकसानीसाठी १,००,००० रुपये ठेवली.

आता एजंटाची युक्ति येथे का चालत नाही हे स्पष्ट व्हावे. सर्व्हेअरच्या लायकीची खातरजमा करण्याचे काम कंपनीकडे सोपविले, तर ज्याच्याविरुद्ध निःपक्षपातीपणा टिकवावयाचा त्याच्याच हाती त्याची सनद जाईल. सबब येथे परवाना प्राधिकरणाकडेच राहिला. २००० च्या विनियमांत त्याची मुदत पाच वर्षे होती, ती २०१५ मध्ये तीन वर्षांवर आणली गेली, आणि भारतीय विमा सर्व्हेअर व नुकसान-निर्धारक संस्थेचे सभासदत्व त्यास जोडले गेले. एजंटाची मुदत ज्या वर्षी गेली, त्याच वर्षी सर्व्हेअरची आखूड झाली, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

ज्ञान शिळे होण्याचा वेगही येथे अधिक आहे. सर्व्हेअरचा परवाना सरसकट नसतो. आग, सागरी माल, जहाज, अभियांत्रिकी, मोटार, पीक असे विभाग त्यात नमूद असतात. विजेवर चालणाऱ्या मोटारीची बॅटरी पाण्यात बुडाल्यावर ती निकामी झाली की वाळवून चालेल, हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी परीक्षा दिलेल्या मनुष्याने कधी ऐकलाही नसेल. म्हणून मोटार-विभागाची उजळणी वारंवार व्हावी, हे मला मान्य आहे. पण सागरी मालाच्या पाहणीतील तत्त्वे त्या वेगाने बदलत नाहीत, आणि सर्व विभागांना एकच मुदत लावण्यात कारकुनाची सोय असली तरी शहाणपण कितपत आहे, याचा विचार व्हावयास हवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत एकाच दिवशी मोटारी, दुकाने, गोदामे आणि तळघरांतील यंत्रे बुडाली. अशा वेळी जाणत्या सर्व्हेअरांची संख्या कागदाच्या तारखेमुळे एकानेही कमी होता कामा नये.

ज्या वाचकाचा दावा सध्या चालू असेल त्याच्यासाठी एक व्यवहाराची सूचना: सर्व्हेअर घरी आला म्हणजे त्याचा परवाना क्रमांक, मुदतीची तारीख आणि मुख्यतः विभाग पाहून घ्यावा. संकोच करण्याचे काही कारण नाही. सभ्य सर्व्हेअरला त्यात अपमान वाटत नाही.

५. एक माणूस, अनेक राज्ये

अमेरिकेतील गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिचे मूळ व्हर्जिनियातील पीटर्सबर्ग या गावच्या सॅम्युएल पॉल नावाच्या एका एजंटापाशी जाते. १८६६ साली व्हर्जिनियाने असा कायदा केला की परराज्यातील विमा कंपनीने सरकारी खजिन्यात रोखे अनामत ठेवल्याखेरीज तिच्या एजंटास परवाना मिळणार नाही. पॉल न्यूयॉर्कच्या अग्निविमा कंपन्यांचा प्रतिनिधी होता. इतर सर्व अटी पाळण्यास तो तयार होता, पण रोखे ठेवण्यास नव्हता. परवाना नामंजूर झाला, त्याने तरीही पॉलिसी विकली, आणि त्याला ५० डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. विम्याचा करार हा आंतरराज्य व्यापार नव्हेच, सबब त्यावर राज्याची सत्ता चालते, असा निकाल १८६९ साली लागला. न्यायालयाने १९४४ मध्ये हे मत फिरविले खरे, परंतु दुसऱ्याच वर्षी काँग्रेसने मॅकॅरन–फर्ग्युसन कायदा करून विम्याचा कारभार राज्यांकडेच ठेवला. त्यामुळे तेथे परवाना देणारी कचेरी एक नाही. प्रत्येक राज्याची निराळी आहे.

याचा जाच कसा होतो हे उदाहरणाने पाहू. न्यू जर्सीतील एडिसन गावी मराठी कुटुंबांची चांगली वस्ती आहे. तेथला एखादा मराठी एजंट घेऊ. न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे त्याने दर दोन वर्षांत २४ तासांचे शिक्षण पुरे करावयाचे, त्यांपैकी ३ तास नीतिनियमांचे. त्याच्या ग्राहकांची मुले नोकरीनिमित्त पेनसिल्व्हेनियात आणि कनेटिकटमध्ये गेली, आणि ‘काका, आमचाही विमा तुम्हीच बघा’ म्हणू लागली, म्हणजे त्याला त्या दोन राज्यांचेही परवाने हवेत. प्रत्येक राज्याने आपापले २४ तास स्वतंत्रपणे मागितले असे धरले, तर हिशोब ७२ तासांवर जातो. आणि विम्याची मूलतत्त्वे तर डेलावेअर नदी ओलांडल्याने बदलत नाहीत.

यावरचा उपाय धाकाने निघाला. १९९९ च्या ग्रॅम–लीच–ब्लायली कायद्यात काँग्रेसने राज्यांना बजावले की तीन वर्षांत बहुसंख्य राज्यांनी परस्परांचे परवाने मानण्याची व्यवस्था करावी, अन्यथा त्यासाठी एक राष्ट्रीय मंडळ स्थापन होईल. सत्ता हातची जाईल या भीतीने राज्यांनी त्वरा केली. राज्यांच्या विमा-आयुक्तांच्या संघटनेने, जी १८७१ पासून अस्तित्वात आहे, २००० साली एक आदर्श कायदा तयार केला, आणि एकामागून एक राज्यांनी तो थोड्याफार फरकाने स्वीकारला. त्याचे सूत्र असे: एजंटाने आपल्या राहत्या राज्याचे शिक्षण पुरे केले असेल, तर परराज्याने ते पुरे समजावे. आपल्या एडिसनच्या एजंटाचे ७२ तास त्यामुळे २४ वर आले. फी मात्र प्रत्येक राज्याने स्वतंत्र घ्यावयाची, हे कोणीही विसरले नाही.

पण दुसऱ्या राज्याने विश्वास तरी कशावर ठेवावा? येथे एका सामायिक दफ्तराची आवश्यकता होती, आणि ते राष्ट्रीय विमा-विक्रेता नोंदवहीच्या रूपाने आधीच उभे राहिले होते. प्रत्येक एजंटास देशभर एकच क्रमांक मिळतो; कोणत्या राज्याचा परवाना कधीपर्यंत आहे, कोठे शिस्तभंगाची कारवाई झाली, हे त्या क्रमांकाखाली नोंदले जाते; आणि अनेक राज्यांतील नूतनीकरणाचे अर्ज एकाच ठिकाणाहून करता येतात. कलकत्त्याहून दाखला मागवून तो हैदराबादेस पाठविण्यासारखी जी उठाठेव पूर्वी चाले, ती या एका दफ्तराने संपविली. परवान्याच्या सुलभीकरणातील जर एकच सुधारणा मला निवडावयास सांगितली, तर मी मुदत वाढविण्याऐवजी हे दफ्तर निवडीन.

टेक्ससने आणखी दोन गोष्टी शहाणपणाने केल्या. परवान्याची मुदत परवानाधारकाच्या जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते, त्यामुळे ती ध्यानात ठेवावी लागत नाही आणि सगळ्यांचे अर्ज एकाच महिन्यात येऊन कचेरी बुडत नाही. दुसरी गोष्ट दंडाची: २४ तासांपैकी जितके तास अपुरे राहिले, तितक्या तासांस प्रत्येकी ५० डॉलर. ज्याचे १८ तास झाले त्याचे सहा राहिले. ३०० डॉलर भरावे. आपल्या जुन्या कायद्यात दोष केवढाही असो, मुदत उलटली की एकच दार बंद होई. येथे दोषाच्या मापाने दंड मोजला जातो.

६. अ‍ॅडजस्टर मागे राहिला

हे सारे झाले विकणाऱ्यांसाठी. नुकसानीचे माप ठरविणाऱ्या अ‍ॅडजस्टरांच्या वाट्याला त्यातले थोडेच आले. अमेरिकेत अ‍ॅडजस्टर तीन प्रकारचे असतात: कंपनीचा पगारी नोकर, अनेक कंपन्यांची कामे घेणारा स्वतंत्र व्यावसायिक, आणि ग्राहकाची बाजू घेऊन कंपनीशी भांडणारा सार्वजनिक अ‍ॅडजस्टर. टेक्सस आणि फ्लोरिडा या तिघांपैकी बहुतेकांकडून परवाना मागतात. न्यू जर्सी फक्त तिसऱ्याकडून मागते. आता ज्या राज्यात परवानाच दिला जात नाही, तेथला रहिवासी ‘राहत्या राज्याचा परवाना’ आणणार कोठून? एजंटांसाठी केलेले सुंदर सूत्र येथे लंगडे पडते.

त्यावर काढलेली तोड अशी की, अशा अ‍ॅडजस्टराने टेक्सससारखे एखादे राज्य आपले ‘मानीव’ राहते राज्य म्हणून निवडावे, तेथली परीक्षा द्यावी, आणि मग इतर राज्यांनी त्याला तेथला समजावे. चक्रीवादळ आले म्हणजे राज्ये आणीबाणीचे अल्पमुदतीचे परवानेही देतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टन पाण्याखाली गेले तेव्हा बाहेरच्या अ‍ॅडजस्टरांची गरज किती होती, हे सांगावयास नको. ज्या राष्ट्रीय मंडळाचा १९९९ मध्ये धाक घातला होता, त्याला काँग्रेसने जानेवारी २०१५ मध्ये नव्याने मान्यता दिली. १३ सदस्य असावेत असेही ठरले, परंतु पुढील अनेक वर्षे त्या खुर्च्या भरल्याच गेल्या नाहीत. आणि त्या भरल्या असत्या, तरी ते मंडळ विकणाऱ्यांसाठी होते, मोजणाऱ्यांसाठी नव्हते. त्यामुळे जर्सी सिटीत राहणारा, टेक्ससला मानीव घर मानणारा स्वतंत्र अ‍ॅडजस्टर आजही दर दोन वर्षांनी, आपल्या जन्ममहिन्याच्या अखेरीपूर्वी, टेक्ससच्या नियमाप्रमाणे आपले २४ तास मोजीत बसतो, आणि काही राज्ये त्यावर संतुष्ट होतात, काही होत नाहीत.